पाठवाचन

वूच म्हणजे आमच्या भाषेत होडी.
पण शहरात नदी कुठे दिसत नाही,
गिरण्यांच्या काळातच तिला नळात घालून
जमिनीखालून पाठवून दिलंय.
आमची प्रयोगशाळाही एका जुन्या गिरणीत,
तिसऱ्या मजल्यावर. तिथे पूर्वी सूत कातायचे,
आता आम्ही पाठी वाचतो.

गेनोवेफाबाई, वय अडुसष्ट,
सोमवार बुधवार शुक्रवार, साडेसातच्या ठोक्याला.
ब्लाउज काढून खुर्चीच्या पाठीवर टाकतात
आणि स्वतःची माझ्याकडे करतात.
‘झेनोन गेल्यापासून ही कुणी बघितली नाही,
तूच काय ते.’

तीन आठवडे, नऊ पट्ट्या, एकाच जागी.
पट्टीत काय आहे ते मी सांगायचं नाही,
मलाही सांगितलेलं नाही. क्रमांक चारशे सतरा.
‘सॉसेज उकडलेल्या पाण्याचा वास येतोय,’ त्या म्हणतात,
आणि खरंच येतोय.

वासावरून ओळखलं मी, पण बोलले नाही.
कापलेलं सफरचंद काळं पडतं, खिळा गंजतो,
माणूसही हवेनंच झिजतो म्हणे;
ही पावडर मध्ये उभी राहते
आणि आपल्या वाट्याचा गंज अंगावर घेते.
फक्त आत शिरायचं तर तिला आंबट राहावं लागतं,
आणि आंबट ते चावरं.
वाचवायला येणाराच आधी चावतो की काय,
एवढंच बघायचं असतं आम्हाला.

मग दोन आठवडे सुट्टी. पाठ कोरी.
त्वचेनं विसरावं म्हणून,
की विसरली नाही हे कळावं म्हणून,
नियमांच्या पुस्तकात नीट लिहिलेलं नाही.

शेवटची पट्टी नव्या जागी, डाव्या खांद्याखाली.
अठ्ठेचाळीस तासांनी काढली, तर लाली.
फिकट, चौकोनी, टपाल तिकिटाएवढी.
‘चुरचुरतं का?’
‘छे.’
बावीस वर्षं त्या मुकादमाला हेच सांगत होत्या,
याच मजल्यावर, मागून सोळावा चात.
‘बाई, लाल झालं तरी पैसे मिळतात.
दोनशे झ्लोटी. कुणी कापत नाही.’
थोडा वेळ गप्प. मग पाठ हलली,
हसताना हलते तशी.
‘असं होय. मग थोडं चुरचुरतं.’

तक्त्यात दोन रकाने आहेत:
दिसलं ते, आणि सांगितलं ते.
खरं ते, असा नाही.
पहिल्यात मी ‘एक’ लिहिलं.
दुसऱ्यावर पेन धरून बसले,
खाली ट्राम वळली तोवर.

आमच्यात एक साधी खूण आहे:
नुसती चिडलेली त्वचा दोन दिवसांत निवते,
मनात धरलेली मात्र वाढत जाते.
ज्यानं पूर्वी एकदाच स्पर्श केला होता
त्यालाही ती अंधारात ओळखते,
आणि मग आयुष्यभर चुकवत राहावं लागतं,
प्रत्येक बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत.

शुक्रवारी दिवा जवळ ओढला, चष्मा पुसला.
कडेला चिकटपट्टीची ओळ उरली होती,
ती पट्टीची, चारशे सतराची नव्हे.
मध्ये काही नाही. बोट फिरवून पाहिलं,
सपाट. थंड.
शून्य.

‘पास झाले का मी?’
‘तुम्ही नाही हो, ती पावडर.’
‘आणि ती बाटली केवढ्याला पडणार?’
मी सांगितलं, अंदाजे.
त्यांनी पोलिशमध्ये एक शब्द उच्चारला
जो तक्त्यात बसत नाही.

बटणं लावायच्या आधी थांबल्या.
‘आता झालं ना सगळं वाचून?’
‘झालं.’
‘मग जरा खाजव. पाच आठवडे जीव गेला माझा.
तिथे नाही, वर. अजून. उजवीकडे.
झेनोनला न सांगता कळायचं.’

मी हातमोजे काढले.
चार नखांच्या चार ओळी उमटल्या,
चांगल्या लालभडक,
‘दोन’ तरी नक्कीच.
नोंदवल्या नाहीत.